शेवट न सांगितलेली गोष्ट आणि तोतया

गोष्ट सांगणारा आणि ऐकणारा यांच्यात एक अलिखित करार असतो. ऐकणाऱ्याने हुंकार द्यावा आणि सांगणाऱ्याने शेवट सांगावा. श्रावणातल्या कहाण्या सुफळ संपूर्ण होतात, कीर्तनातले आख्यान फलश्रुतीपाशी येऊन विसावते. हा करार इतका जुना आहे की, तो कोणी मोडला म्हणजे आपली फसवणूक झाली असे माणसाला वाटते. अलीकडे हा अनुभव दूरचित्रवाणीवरील मालिका वारंवार देतात. महिनोन्‌महिने एका घराण्याची किंवा एका खुनाची कथा चालते. आणि अखेरच्या दिवशी खून कोणी केला, नायक जगला की मेला, पाहिले ते सत्य की स्वप्न, यांपैकी कशाचाही उलगडा न होता पडदा पडतो. मग भिलाईच्या एखाद्या क्वार्टरात दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी वाद रंगतो. लेखकाला शेवट सुचलाच नाही, असे एकाचे म्हणणे. यातच खरी कला आहे, असे दुसऱ्याचे. दोघेही तितक्याच तावातावाने बोलतात, आणि वादाचाही शेवट लागत नाही.

हा वाद केवळ करमणुकीचा आहे असे समजण्याचे कारण नाही. शेवट न कळलेली गोष्ट माणसाच्या मनाचे काय करते, हा त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न आहे. आणि आपल्या इतिहासात या प्रश्नापायी एकदा फौजा चालून गेल्या आहेत. त्या प्रकरणाकडे वळण्यापूर्वी आपण राहतो त्या मुलखात दूरचित्रवाणी आली कशी, हे थोडे पाहिले पाहिजे. कारण तिच्या पहिल्या पर्वाचा शेवटही असाच विलक्षण झाला.

१९७५ च्या ऑगस्टची पहिली तारीख. त्या दिवशी 'साइट' या नावाने ओळखला गेलेला, उपग्रहाद्वारे शिक्षण देण्याचा प्रयोग सुरू झाला. अमेरिकेने ए.टी.एस.-६ हा आपला उपग्रह एक वर्षापुरता भारताला वापरावयास दिला होता. सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांत सार्वजनिक दूरदर्शन संच बसविण्यात आले. तत्कालीन मध्यप्रदेशातील खेडी ज्या भागांतून निवडली गेली, त्यांत रायपूर व बिलासपूर यांच्या जोडीने आपला दुर्ग जिल्हाही होता. या प्रयोगाच्या कार्यक्रम-व्यवस्थापनाची धुरा एकनाथ वसंत चिटणीस या मराठी शास्त्रज्ञाकडे होती. शाळेच्या किंवा पंचायतीच्या इमारतीवर तारेच्या जाळीची सुमारे दहा फूट व्यासाची छत्री उभारायची, आणि छत्तीस हजार किलोमीटर उंचीवरून येणारे चित्र संध्याकाळी सारा गाव मिळून पाहायचा, अशी ती व्यवस्था होती. पोलादाची भट्टी १९५९ पासून धगधगत असलेल्या भिलाईच्या शेजारच्या ज्या खेड्यांत वीज नुकती पोचली होती, तेथे हे चित्र थेट आकाशातून उतरले.

बरोबर एक वर्षाने, ३१ जुलै १९७६ रोजी, मुदत संपली. उपग्रह त्याच्या मालकांनी पुन्हा पश्चिमेकडे हलविला. पुढे जमिनीवरील प्रक्षेपण केंद्रांनी ते काम काही अंशी चालू ठेवले, हे खरे. परंतु ज्या खेड्यांपर्यंत ती केंद्रे पोचत नव्हती, तेथील पडदा कोरा झाला. तो कोरा पडदा पाहणाऱ्यांच्या मनात काय आले असेल, याची आपण कल्पनाच करू शकतो. कराराची तारीख दिल्लीत आणि वॉशिंग्टनात ठाऊक होती. गावकऱ्यांच्या दृष्टीने मात्र रोज येणारा पाहुणा एके दिवशी आला नाही, एवढेच घडले होते. शेवट सांगणाऱ्याला माहीत असणे आणि ऐकणाऱ्याला माहीत नसणे, या दोन गोष्टींत किती अंतर असते, याचे हे साधे उदाहरण होय.

पुढे मालिकांचे युग आले. ७ जुलै १९८४ रोजी 'हम लोग' सुरू झाली आणि १९८५ च्या डिसेंबरात संपली. तिच्या प्रत्येक भागाच्या अखेरीस अशोककुमार पडद्यावर येत आणि घडलेल्या गोष्टीचा अर्थ घरातल्या वडीलधाऱ्याप्रमाणे समजावून सांगत. कीर्तनकाराची फलश्रुती नव्या वेषात घरी आली होती. जुना करार पाळला जात होता, म्हणूनच की काय, ती मालिका सर्वांना आपली वाटली.

त्याच सुमारास रामानंद सागर यांची 'विक्रम और बेताल' ही मालिका रविवारी लागत असे. मुले ती भुतासाठी पाहत; पण तिच्या मुळाशी असलेला कथासंग्रह या विषयाच्या दृष्टीने फार अर्थपूर्ण आहे. सोमदेवाच्या कथासरित्सागरात आलेल्या या कथांत प्रत्येक गोष्टीचा शेवट प्रश्नाने होतो. राजा उत्तर देतो, त्याचे मौन मोडते, आणि वेताळ पुन्हा झाडावर जाऊन लोंबकळतो. अखेरचे कोडे मात्र वेगळे आहे. एका बापाने एका मुलीशी आणि त्याच्या मुलाने तिच्या आईशी लग्न केले, तर त्यांच्या मुलांचे परस्परांशी नाते काय? राजा विचार करतो आणि गप्प राहतो. त्या मौनावर वेताळ प्रसन्न होतो आणि राजाचे प्राण वाचविणारी गुह्य गोष्ट त्याला सांगतो. इतकी उत्तरे दिल्याने जे साधले नाही, ते उत्तर नाही हे ओळखल्याने साधले. आपल्या पूर्वजांना उलगडा न होणाऱ्या शेवटाचे वावडे होते असे जे समजतात, त्यांनी ही कथा एकवार पुन्हा वाचावी.

पाश्चात्त्य देशांत या प्रश्नाला मालिकांनी निराळे वळण दिले. 'द फ्यूजिटिव्ह' या अमेरिकन मालिकेत पत्नीच्या खुनाचा खोटा आळ आलेला एक डॉक्टर चार वर्षे खऱ्या खुन्याचा शोध घेत पळत होता. २९ ऑगस्ट १९६७ रोजी त्याचा उलगडा झाला, त्या रात्री चालू असलेल्या संचांपैकी शेकडा सुमारे ७२ संचांवर तीच मालिका लागली होती. शेवट कळावा ही भूक केवढी असते, हे त्यावरून दिसून आले. त्यानंतर अवघ्या काही महिन्यांनी, १ फेब्रुवारी १९६८ रोजी, 'द प्रिझनर' ही इंग्रजी मालिका संपली. ज्या अज्ञात सूत्रधाराचा शोध नायक घेत होता, त्याच्या मुखवट्याखाली नायकाला स्वतःचाच चेहरा दिसला. प्रेक्षक संतापले. १० जून २००७ रोजी 'द सोप्रानोज' या मालिकेच्या अखेरच्या दृश्यात नायक खाणावळीत कुटुंबाची वाट पाहत बसला असताना पडदा एकदम काळा झाला. आपल्या घरची केबलच बंद पडली, असे अनेकांना प्रथम वाटले. दुर्गच्या खेड्यांत १९७६ साली जे खरोखरीच घडले, ते येथे हेतुपुरस्सर घडविले गेले होते.

या सर्वांना एकाच मापाने मोजणे न्याय्य होणार नाही. काही मालिका शेवटावाचून राहतात त्या पैशामुळे. प्रायोजक गेला, प्रेक्षकसंख्या घसरली, वाहिनीने वेळ दुसऱ्याला दिली, आणि कथेचा धागा मध्येच तुटला. काही ठिकाणी लेखक प्रेक्षकाला गुंतवून ठेवण्यासाठी गाठीवर गाठ मारीत जातो, आणि सोडवताना त्याला स्वतःलाच टोक सापडत नाही. या दोहोंत कला शोधण्याचे कारण नाही. परंतु तिसराही एक प्रकार आहे. ज्या गोष्टीचे उत्तर गोष्टीच्या आतल्या माणसांनाच मिळणे शक्य नाही, ते उत्तर सांगणाऱ्याने बाहेरून आणून चिकटविणे हे असत्य होईल, असे वाटून तो थांबतो. हा तिसरा प्रकार खोटा वाटत असेल, तर आपण पानिपतकडे वळावे.

१४ जानेवारी १७६१. विश्वासराव गोळी लागून पडले. ते पाहून सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरले, घोड्यावर बसले आणि गर्दीत शिरले. त्यानंतर त्यांना पाहिल्याचे खात्रीने सांगणारा कोणी पुण्यास परत आला नाही. विश्वासरावांचे प्रेत सापडले होते, त्यामुळे त्यांच्याविषयी शंका राहिली नाही. भाऊसाहेबांविषयी मात्र पुण्यास आल्या त्या वार्ता. व्यापाऱ्यांच्या सांकेतिक भाषेत नुकसानीची बातमी दक्षिणेत पोचली खरी, पण हरवला आणि पडला यांतील भेद सांकेतिक भाषेत मावत नाही. नानासाहेब पेशव्यांनी २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर देह ठेवला. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई स्वतः पानिपतच्या स्वारीत होत्या व तेथून परत आल्या होत्या. पतीचे निधन झाले हे त्यांनी मान्य केले नाही. सौभाग्यचिन्हे त्यांनी उतरविली नाहीत, आणि १७६३ साली त्या त्याच स्थितीत निवर्तल्या. पार्वतीबाईंच्या या वागण्याला वेड म्हणणे सोपे आहे. परंतु ज्या घटनेचा साक्षीदार नाही, ती घटना घडली असे मानून आयुष्यभराचे व्रत सोडावयाचे की नाही, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. आणि त्याचे उत्तर पुण्यात कोणाहीपाशी नव्हते.

उत्तर ज्याच्यापाशी होते, तो मराठी माणूस परमुलखात नोकरीला होता. अयोध्येचा नबाब शुजाउद्दौला याच्या पदरी काशीराज पंडित नावाचा दक्षिणी ब्राह्मण होता. मालकाबरोबर तो अब्दालीच्या छावणीत होता, आणि लढाईच्या दुसऱ्या बाजूने त्याने सर्व पाहिले. पुढे सुमारे १७८० साली त्याने फार्सीत लिहिलेल्या वृत्तान्तात भाऊंच्या देहाची हकीकत आहे. रणांगणात एक मस्तकहीन देह सापडला. मांडीवरील काळा डाग, पूर्वी मुजफ्फरखानाने केलेल्या कट्यारीच्या वाराचा पाठीवरचा वण, अशा खुणांवरून तो भाऊंचा ठरविण्यात आला. मस्तक नंतर मिळाले, आणि त्यांना अग्नी देण्यात आला, असे तो सांगतो. या लेखनाचे इंग्रजी भाषांतर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातच झाले, आणि इतिहासकारांना ते उपलब्ध झाले. परंतु पार्वतीबाईंना ते कधीच उपलब्ध होणार नव्हते. काशीराजाने लेखणी हाती घेतली, तेव्हा त्यांना जाऊन सतरा वर्षे झाली होती.

या सतरा वर्षांच्या पोकळीत तोतया शिरला. बुंदेलखंडाकडील सुखनिधान नावाचा एक कनोजा ब्राह्मण आपण भाऊसाहेब असल्याचे सांगू लागला. थोरल्या माधवरावांनी त्याला पकडून आणविले, चौकशी केली, तो तोतया असल्याचे जाहीर केले आणि कैदेत टाकले. गोष्ट येथे संपावयास हवी होती. न्यायाधीशाने निकाल दिला होता. परंतु निकाल लागणे आणि मनाचे समाधान होणे या भिन्न गोष्टी आहेत. माधवराव १७७२ साली वारले. १७७३ साली नारायणरावांचा शनिवारवाड्यात खून झाला. गादीवर तान्हे मूल, दाराशी राघोबादादा आणि इंग्रज, अशी राज्याची अवस्था झाली. अशा वेळी लोकांना एक कर्ता पुरुष हवा होता, आणि ज्याचा शेवट कोणी पाहिला नव्हता असा कर्ता पुरुष एकच होता.

१७७६ च्या आरंभी रत्नागिरीचा किल्लेदार रामचंद्र नाईक परांजपे याने तोतयाला बंधमुक्त केले. पाहता पाहता हजारो लोक त्याच्या झेंड्याखाली आले, कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले, आणि तो घाटाच्या रोखाने सरकू लागला. त्याचा मोड केला तो महादजी शिंद्यांनी. तोतया पळाला आणि कुलाब्यास रघुजी आंग्र्यांच्या हाती सापडला. पुण्यास पुन्हा एकवार चौकशी होऊन त्या वर्षाच्या डिसेंबरात त्याला देहान्त शासन झाले. येथे एक योगायोग ध्यानात घेण्याजोगा आहे. राज्याचा कारभार तेव्हा नाना फडणिसांच्या हाती होता. नाना आणि महादजी हे दोघेही पानिपतहून जीव वाचवून परत आलेले. महादजींचा तर पाय तेथे कायमचा अधू झालेला. ज्या दिवसाचा शेवट त्यांना स्वतःलाही पूर्णपणे कळला नव्हता, त्याच दिवसाच्या नावाने उठलेले बंड त्यांना मोडावे लागले.

हे प्रकरण आपल्या वाङ्‌मयातही मुरले. नरसिंह चिंतामण केळकरांनी त्यावर 'तोतयाचे बंड' हे नाटक १९१३ साली लिहिले. पानिपतच्या बाजूलाही ती कथा संपली नाही. हरियाणात रोहतकजवळच्या सांघी गावी भाऊसाहेब लढाईतून वाचून आले, नाथपंथी साधू होऊन राहिले, अशी आख्यायिका आजही सांगितली जाते. शंभर वर्षांनंतर दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या दत्तक पुत्राच्या बाबतीत हेच घडले. १८५९ साली दुसरे नानासाहेब नेपाळच्या तराईत दिसेनासे झाले. ते तापाने वारले, अशी वार्ता आली. पण इंग्रज सरकारचाच तिच्यावर पुरता विश्वास बसला नाही. १८७४ साली ग्वाल्हेरास जयाजीराव शिंद्यांनी, आपण नानासाहेब आहोत असे म्हणणारा एक इसम धरून सरकारच्या स्वाधीन केला, आणि तो नानासाहेब नव्हे असे अखेर ठरले. शेवट नसला की तोतया येतो, हा जणू नियमच झाला.

आणि नवल असे की, मालिकांनाही हा नियम लागू पडतो. 'ट्विन पीक्स' या १९९० सालच्या अमेरिकन मालिकेत एका मुलीचा खून कोणी केला हा मूळ प्रश्न होता. निर्मात्यांना तो प्रश्न उघडाच ठेवावयाचा होता. वाहिनीच्या आग्रहास्तव त्यांना मध्येच उत्तर द्यावे लागले, आणि त्यानंतर प्रेक्षक ओसरले. १० जून १९९१ रोजी तिचा अखेरचा भाग लागला. त्यात तपास करणारा नायक एका अद्भुत प्रदेशातून परत येतो, आणि आरशात पाहतो तेव्हा कळते की, परत आला आहे तो त्याचे शरीर धारण करणारा दुसराच कोणी. आपण याला तोतया म्हणालो असतो. सव्वीस वर्षांनी, २०१७ साली, ती मालिका पुढे चालू झाली, तीही त्या तोतयाचीच कथा घेऊन. आणि अखेरीस नायकाला आपण कोणत्या वर्षात आहोत याचीही खात्री उरली नाही.

मग शेवट न सांगणाऱ्या लेखकाला दोष द्यावा की नाही? माझ्या मते कसोटी एकच आहे, आणि ती इतिहासकाराची कसोटी आहे. वि. का. राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला, तो पानिपतच्या काळातील कागदपत्रांचाच होता. त्र्यं. शं. शेजवलकरांनी 'पानिपत १७६१' हा ग्रंथ लिहिला, त्यासाठी त्यांनी रणभूमी पायाखाली घातली. अशा अभ्यासकांचे मोठेपण त्यांना प्रत्येक प्रश्नाचे उत्तर मिळाले यात नाही. जेवढा पुरावा आहे तेवढा वाचकापुढे ठेवावा, जो नाही तो कल्पनेने भरू नये, आणि आपले अनुमान कोठे सुरू होते ते लपवू नये, हा त्यांचा धर्म होता. काशीराज पंडितानेही तेच केले. भाऊ कसे पडले, हे त्याने पाहिले नव्हते. देहावरच्या खुणा काय होत्या, हे त्याने सांगितले. एवढ्यावरून ज्याने त्याने ठरवावे.

मालिकेचा लेखकही हा धर्म पाळू शकतो. ज्याने आपल्यापाशी असलेला पुरावा प्रेक्षकाला प्रामाणिकपणे दिला, आणि मग जेथे त्याच्या पात्रांची दृष्टी संपते तेथे तोही थांबला, त्याच्या कोऱ्या पडद्यावर रागावण्याचे कारण नाही. ज्याने उत्तर माहीत असून केवळ पुढचे पर्व विकण्यासाठी ते दडविले, किंवा उत्तर नसताना ते असल्याचा भास शेवटपर्यंत निर्माण केला, त्याने मात्र ऐकणाऱ्याच्या हुंकाराचा गैरफायदा घेतला. पहिल्याने प्रेक्षकाला विक्रमाचे मौन शिकविले. दुसऱ्याने तोतयासाठी दार उघडे टाकले. कारण पोकळी फार काळ रिकामी राहत नाही. तिच्यात पार्वतीबाईंची निष्ठा राहू शकते, तसा सुखनिधानही राहू शकतो. आणि दोघेही एकाच नावाचा आधार घेतात.

आपल्यासारख्या बदलीच्या नोकरीतल्या माणसांना या विषयाचे मर्म अधिक लवकर कळावे. पानिपत झाले त्या वेळी या छत्तीसगडात रतनपुरास बिंबाजी भोसल्यांचा अंमल सुरू होऊन दोनतीन वर्षे झाली होती. त्यांच्या पदरचे मराठी कारकून तेथे कागद लिहीत बसले असतील, तेव्हा उत्तरेकडच्या बातमीची त्यांनीही वाट पाहिली असणार. काशीराज अयोध्येच्या चाकरीत होता, म्हणून तो साक्षीदार ठरला. आणि तो पुण्यापासून दूर होता, म्हणूनच त्याची साक्ष उशिरा पोचली. परमुलखातल्या चाकरीचे हे दोन्ही भाग आजही सुटलेले नाहीत. आपण एका गावाच्या गोष्टीत मध्येच प्रवेश करतो आणि मध्येच बदलीचा हुकूम हाती पडतो. शेजारच्या क्वार्टरातल्या मुलीचे लग्न जमले की नाही, आपण सुरू केलेले वाचनालय पुढे चालले की बंद पडले, आपल्या दारातल्या आंब्याला मोहोर आला की नाही, हे पुष्कळदा कळतच नाही. गावाकडे मागे राहिलेल्यांच्या बाबतीतही काही वार्ता फार उशिरा पोचतात.

अशा वेळी मन स्वतःच एखादा शेवट रचू लागते, आणि तो हळूहळू खरा वाटू लागतो. तो रचण्याचा मोह आवरणे, आणि तरीही विचारपूस न सोडणे, हे अवघड आहे. पार्वतीबाईंना दुसरा मार्ग नव्हता. आपल्याला टपाल आहे, टेलिफोन आहे. मालिकेचा शेवट कळला नाही म्हणून रात्रभर वाद घालणाऱ्या माणसाने दुसऱ्या दिवशी सकाळी, ज्या गोष्टींचा शेवट विचारून खरोखर कळू शकतो, त्यांपैकी एखादीविषयी पत्र टाकावे. बाकीच्या गोष्टी विक्रमाप्रमाणे खांद्यावर घेऊन मुकाट्याने चालत राहावे. वाटेत भेटणाऱ्या तोतयाला मात्र पेशव्यांच्या गादीवर बसवू नये.